सायकल, चरखा आणि पेन्सिल

वर्गातल्या मुलांना एक काम सांगून पाहा. समोर सायकल न ठेवता, नुसती आठवून, कागदावर सायकल काढायची. चित्र देखणे नसले तरी चालेल. अट एकच, की त्या चित्रातल्या सायकलवर बसून खरोखर जाता आले पाहिजे. दहा मिनिटांनी कागद गोळा करा आणि एकेक सायकल मनातल्या मनात चालवून पाहा.

काही कागदांवर चेन पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत गेलेली दिसेल. काहींनी दोन्ही चाकांच्या आसांना जोडणारी एक सरळ नळी काढलेली असेल. अशा सायकलचे हँडल वळणारच नाही, हे त्यांच्या लक्षात आलेले नसते. यात मुलांना हसण्यासारखे काही नाही. इंग्लंडमधील लिव्हरपूल विद्यापीठात रिबेका लॉसन यांनी मोठ्या माणसांवर असाच प्रयोग केला आणि २००६ साली तो प्रसिद्ध केला. तिथेही नेमक्या याच चुका आढळल्या. सायकल नेहमी चालवणाऱ्यांच्या चुका कमी होत्या, पण त्यांच्याही झाल्या. आपण जी वस्तू रोज पाहतो तिची रचना आपल्याला माहीत आहे असे आपण धरून चालतो, एवढाच याचा अर्थ.

चित्र बरोबर काढणारी मुले कोण, याचीही जरा चौकशी करा. माझा अनुभव असा, की ती बहुधा पंक्चर स्वतः काढणारी, उतरलेली चेन स्वतः चढवणारी असतात. चित्रकलेच्या वहीत त्यांना चांगले गुण असतातच असे नाही.

यंत्राचे चित्र कोण काढतो, ते बनवणारा की वापरणारा? या प्रश्नासाठी दोन हकिगती सांगायच्या आहेत. एक अमेरिकेतल्या सायकलवेड्या मुलांची, दुसरी आपल्या वर्धा जिल्ह्यातली. दुसरी आधी घडली, पण सायकलपासून सुरुवात केली आहे तर पहिलीच आधी सांगतो.

अमेरिकेत कॅलिफोर्निया प्रांतातली मुले १९६० च्या सुमारास आपल्या वीस इंची चाकांच्या लहान सायकलींना उंच, रुंद हँडल बसवू लागली. श्विन या सायकल कंपनीतील ॲल फ्रिट्झ यांच्या कानावर ही गोष्ट गेली. त्यांनी तशाच घडणीची, केळ्याच्या आकाराच्या लांब सीटची सायकल कारखान्यात तयार करवली आणि १९६३ साली ती ‘स्टिंग-रे’ नावाने बाजारात आली. म्हणजे पहिली दुरुस्ती मुलांची, कारखाना त्यांच्या मागून आला.

पुढे या मुलांना मोटारसायकलींच्या मातीतल्या शर्यतींचे वेड लागले. त्या शर्यतींना मोटोक्रॉस म्हणतात. मोटारसायकल घेण्याचे वय नाही आणि पैसेही नाहीत, तेव्हा मुलांनी तीच चढउतारांची शर्यत सायकलवर सुरू केली. १९६९ साली लॉस एंजेलिस येथील पाम्स पार्कमध्ये अशा शर्यती झाल्या. १९७० साली लाँग बीच गावात स्कॉट ब्राइटहाउप्ट या १३ वर्षांच्या मुलाने मोकळ्या माळावर स्वतःच शर्यती भरवल्या. १९७१ साली ‘ऑन एनी संडे’ हा मोटारसायकलींवरचा चित्रपट आला. त्याच्या सुरुवातीलाच मातीत सायकली उडवणारी मुले दिसतात. मग हे लोण सगळ्या देशात पसरले. बायसिकल मोटोक्रॉस या शब्दांवरून या खेळाला आणि सायकलीला नाव मिळाले बीएमएक्स. शेवटचा एक्स म्हणजे क्रॉस, फुली.

ही सायकल आपल्या रस्त्यावरच्या सायकलीशेजारी ठेवून पाहण्यासारखी असते. मडगार्ड नाही, स्टँड नाही, कॅरिअर नाही. जे आहे ते कशासाठी आहे याचे कारण सांगता येते. चाक वीस इंची, म्हणजे वजनाला हलके. आरे आखूड, त्यामुळे उडी मारून जमिनीवर आपटले तरी चाक सहज वाकत नाही. पुढचे चाक लहान, म्हणून हँडल गर्रकन फिरवता येते. शर्यतीच्या सायकलीत पॅडलच्या चक्राला ४४ आणि मागच्या चक्राला १६ दाते ही जोडी फार वापरली गेली. ४४ भागिले १६ म्हणजे पावणेतीन. पॅडलचा एक फेरा झाला की मागचे चाक पावणेतीन फेरे फिरते आणि सायकल सुमारे ४.४ मीटर पुढे जाते. आपल्या २८ इंची सायकलीला ४४ आणि १८ दाते असतील, तर एका फेऱ्यात ती सुमारे साडेपाच मीटर जाते. लांबवर जायला आपली सायकल सोयीची, पण जागेवरून झटकन सुटायला आणि चढ चढायला बीएमएक्स बरी. हे गणित मुलांना शाळेच्या आवारात खडूच्या खुणा करून ताडून पाहता येईल.

ही सायकल एका कुणी संशोधकाने घडवलेली नाही. उड्यांमध्ये फ्रेम मोडत. मोटारींच्या शर्यतीच्या गाड्यांचे सांगाडे जोडणाऱ्या गॅरी टर्नर यांनी आपल्या मुलासाठी क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादी नळ्यांची फ्रेम जोडून दिली. ती हलकी होती आणि मोडत नव्हती, मग इतर मुले तशीच मागू लागली. आरे वाकत म्हणून स्किप हेस यांनी १९७० च्या दशकाच्या मध्यात आऱ्यांऐवजी ओतीव धातूचे चाक आणले. मैदानात काय मोडले ते संध्याकाळी कळायचे, आणि पुढच्या शर्यतीपर्यंत कुणीतरी त्यावर काहीतरी करून आणायचे.

मला यात सगळ्यांत लक्षात राहिला तो बॉब हॅरो. हा अभियंता नव्हता. त्याचा हात चित्रकलेचा. शर्यतीत सायकलीच्या हँडलपुढे क्रमांकाची पाटी लावावी लागते. हॅरो या पाट्यांवर चित्रे आणि अक्षरे काढून त्या स्वार मुलांना विकू लागला. ‘बीएमएक्स ॲक्शन’ नावाच्या मासिकात त्याची व्यंगचित्रे येऊ लागली. १९७८ च्या सुमारास त्याने पाट्यांचा रीतसर धंदा सुरू केला. त्याच काळात तो आणि त्याचे मित्र सायकलीवर नवेच काही करू लागले होते. शर्यत नाही, नुसती कसरत. एका चाकावर उभे राहायचे, जागेवर गिरकी घ्यायची, उतारावरून वर उडून हवेत वळायचे. याला फ्रीस्टाइल म्हणतात. १९८२ साली आलेल्या ‘ई.टी.’ या प्रसिद्ध चित्रपटातल्या सायकलींच्या पाठलागात हॅरोनेही सायकल चालवली आहे. पुढे त्याने कसरतीसाठी वेगळी फ्रेम आखली. जो आधी पाटीवर चित्र काढत होता, तोच आता पाटीमागची सायकल काढू लागला.

कसरतीची एक अडचण तर कोणत्याही शिक्षकाने फळ्यावर काढावी अशी आहे. हँडल पूर्ण गोल फिरवले की ब्रेकची तार चिमट्याभोवती गुंडाळली जाते आणि दुसऱ्या फेरीला हँडल अडते. तार लांब ठेवली तर ती लोंबते, काढून टाकली तर ब्रेक जातो. १९८० च्या दशकाच्या मध्याला ब्रायन स्कुरा यांनी यावर तोड काढली. हँडलच्या दांड्याभोवती एकावर एक दोन कड्या आणि मध्ये बेअरिंग. वरची कडी हँडलबरोबर फिरते, खालची फ्रेमबरोबर स्थिर राहते. ब्रेक दाबला की वरची कडी उचलली जाते आणि ती फिरत असो वा नसो, खालचीला सोबत घेऊन वर येते. खालच्या कडीला बांधलेली तार ब्रेक ओढते. खेच पुढे जाते, पीळ जात नाही. आता हँडल दहा वेळा फिरवा, तार गुंडाळत नाही.

स्वार, चित्रे काढणारे, वेल्डिंग करणारे बाप आणि सगळ्यांना जोडणारे एखादे मासिक, असा हा मेळ. तो वाचताना मला वर्ध्याचे मगनवाडी पुन्हा पुन्हा आठवत होते.

वर्धा शहरात मगन संग्रहालय आहे. अनेक शाळांच्या सहली तिथे जातात. गांधीजींचे पुतणे मगनलाल गांधी यांनी आश्रमात खादीचे तंत्र बसवले. ते १९२८ साली वारले. त्यांच्या नावाने जमनालाल बजाज यांची बाग मगनवाडी झाली. १९३४ च्या अखेरीस स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाला ती जागा मिळाली. संघाची सूत्रे अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा यांच्याकडे होती. संग्रहालयाचे उद्घाटन गांधीजींच्या हस्ते ३० डिसेंबर १९३८ रोजी झाले. आत चरख्यांचे इतके नमुने आहेत, की मुले हमखास विचारतात, चरखा तो चरखा, मग इतके वेगळे कशाला?

प्रश्न चांगला आहे. घाईत असलेली सहल उत्तर न घेताच पुढच्या दालनात जाते, म्हणून ते इथे थोडे सविस्तर पाहू.

चरखाही सायकलीसारखाच मोठ्या चक्राकडून लहान चक्राकडे गती नेणारा. फरक प्रमाणाचा. सायकलीत ते पावणेतीन होते. चरख्यात चाती, म्हणजे सुताला पीळ देणारी सळई, चाकाच्या एका फेऱ्यात पन्नास-साठ किंवा जास्त फेरे फिरली पाहिजे. तिथे जोर फारसा लागत नाही, वेग लागतो. समजा चातीवरची कप्पी एक सेंटिमीटरची आहे. तर साठ पट गतीसाठी साठ सेंटिमीटरचे चाक हवे. एवढा चरखा बरोबर नेणार कसा? तुरुंगाच्या खोलीत मांडणार कुठे?

ही अडचण गांधीजींना येरवड्याच्या तुरुंगात होतीच. १९३० पासूनच्या तुरुंगवासात त्यांनी जे प्रयोग केले त्यांतून पेटीचा चरखा आकाराला आला. त्याचे नाव येरवडा चक्र. त्यात एका मोठ्या चाकाऐवजी दोन लहान चाके आहेत. समजा पहिले चाक दुसऱ्याच्या कप्पीला आठ पट फिरवते आणि दुसरे चातीला दहा पट. आठ दाहे ऐंशी. बेरीज होत नाही, गुणाकार होतो, म्हणून चाके लहान असूनही चालते. काम झाले की पेटी मिटून हातात धरायची. सातवीच्या मुलांना गुणोत्तर शिकवायला याहून चांगले साधन मला तरी ठाऊक नाही.

दुसरी अडचण हातांची. एक हात चाक फिरवण्यात अडकतो, उरलेल्या एकाने सूत ओढायचे. मगनलाल यांचे पुतणे प्रभुदास गांधी यांनी चाक पायाकडे दिले. दोन्ही हात मोकळे झाले, म्हणून दोन चात्या बसवल्या. याला त्यांनी आपल्या काकांचे नाव दिले, मगन चरखा. पायाने फिरणारे यंत्र म्हणून तो सायकलीचा नातलगच म्हणायचा.

तिसरी वाट एका परदेशी माणसाची. मॉरिस फ्रिडमन हे वॉर्सातले विद्युत अभियंता. बंगळूरला सरकारी कारखान्याचे काम पाहण्यासाठी ते भारतात आले. पुढे औंध संस्थानच्या स्वराज्याच्या प्रयोगात होते, गांधीजींच्या सहवासात होते आणि भारतानंद या नावाने ओळखले जात. मुंबईतल्या निसर्गदत्त महाराजांच्या मराठी निरूपणांचे इंग्रजी पुस्तक ज्यांनी केले तेही हेच. विजेच्या यंत्रांत मुरलेल्या या माणसाने चरख्याचे चाकच काढून टाकले. लाकडाच्या लहान बैठकीत आडवी चाती आणि हातात बांबूचे धनुष्य. धनुष्याची पट्टी चातीवरून ओढली की चाती गिरगिरते. तिला धनुष तकली म्हणतात. बांबू, लाकूड आणि एक सळई एवढ्यात भागते, म्हणून गावातला कोणीही कारागीर ती बनवू शकतो.

हे तिन्ही जण स्वतः रोज सूत कातणारे होते. दुखणारा हात त्यांचाच होता.

आता चौथ्या वाटेकडे येऊ. अखिल भारत चरखा संघाने १९२९ साली सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. त्या काळी ही रक्कम केवढी होती, ते वेगळे सांगायला नको. अटी अशा होत्या: चरखा हलका असावा, झोपडीत हाताने किंवा पायाने चालावा, बाईला फार न थकता आठ तास चालवता यावा, किंमत १५० रुपयांच्या आत असावी, नीट निगा राखली तर वीस वर्षे टिकावा आणि आठ तासांत १२ ते २० नंबरचे १६,००० वार सूत निघावे.

शेवटच्या अटीचे गणित मांडून पाहू. आठ तासांत १६,००० वार, म्हणजे तासाला २,००० वार, म्हणजे मिनिटाला १,२०० इंच. बारा नंबरच्या जाड सुतालाही इंचाला सुमारे १४ पीळ लागतात. म्हणजे मिनिटाला सुमारे १६,८०० पीळ. एकच चाती असेल तर तिने मिनिटाला तितके फेरे घ्यायचे, तेही झोपडीत लाकडाच्या बैठकीवर. हे होणे नाही. मग चात्या अनेक हव्यात. पण माणसाला हात दोनच, आणि सूत ओढून बारीक करण्याचे काम बोटांचे. तेव्हा बोटांचे कामही यंत्राकडे, म्हणजे एकापुढे एक अधिक वेगाने फिरणाऱ्या रुळांकडे द्यावे लागणार. रूळ आले की नेमके कापलेले दाते आले, कारखान्यातले लेथ आले. बक्षिसाचा आकडा ठरवतानाच गिरणीचे यंत्र झोपडीत यायचे ठरले होते, असे मला हे गणित केल्यावर वाटू लागले.

महाराष्ट्रातून या स्पर्धेसाठी किर्लोस्करवाडीच्या कारखान्याच्या मदतीने काळे यांनी चरखा तयार केला. तो अटींना पूर्ण उतरला नाही. बक्षीस कोणालाच मिळाले नाही. पुढे १९४९ च्या सुमारास तमिळनाडूतील एकांबरनाथन यांनी रुळांचा चरखा केला आणि त्यांच्या नावावरूनच तो अंबर चरखा झाला. १९५५ साली कर्वे समितीने त्याच्यावर बरीच भिस्त ठेवली आणि पुढच्या वर्षापासून तो सरकारी योजनेतून पसरला. अंबरने सूत खूप वाढवले, कातणाऱ्यांची मजुरीही वाढली. ज्या बाईला चार घास जास्त मिळाले तिच्यापुढे आपण तक्रार कसली करायची? तरी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. मोडलेली धनुष तकली गावात दुरुस्त होई. अंबरचा रूळ झिजला की नवा मागवावा लागे. चरख्याचे चित्र कातणाऱ्याच्या हातातून निघून दुसरीकडे गेले होते.

या सगळ्या खटपटी आपापल्या कोपऱ्यात चालल्या असत्या तर विरूनही गेल्या असत्या. मगनवाडीतून ‘ग्राम उद्योग पत्रिका’ निघे. तेलघाणीपासून मधमाशांपर्यंत कुठे काय सुधारले, काय फसले, हे तिच्यातून गावोगावच्या कार्यकर्त्यांना कळे. झवेरभाई पटेल यांनी मगनवाडीत सुधारलेली बैलघाणी तर देशभर वर्धा घाणी म्हणूनच ओळखली गेली. कॅलिफोर्नियातल्या मुलांचे मासिक रंगीत आणि चकचकीत होते, ही पत्रिका साधी. काम मात्र एकच.

शिक्षकांसाठी या हकिगतीतला सर्वांत जवळचा भाग पुढे आहे. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासक्रमासाठी समिती नेमली गेली. कुमारप्पा आणि विनोबा तिचे सदस्य होते. ही वर्धा योजना, पुढची नई तालीम. तिच्यातली सूतकताई सर्वांना माहीत आहे, थट्टाही तिचीच झाली. पण त्या अभ्यासक्रमात चित्रकला हाही विषय होता, इकडे फारसे कोणी पाहत नाही. डोळ्याला आकार आणि रंग ओळखायची सवय लागावी, सौंदर्य कळावे, नक्षी आणि सजावट करता यावी, ही उद्दिष्टे त्यात आहेत. त्यांच्याच पंगतीत आणखी एक आहे: जी वस्तू बनवायची तिचे कामाचे चित्र काढता यावे. वरच्या इयत्तांत यंत्रचित्रणाकडे अधिक लक्ष द्यावे असेही सुचवले होते.

सजावट आणि रचना एकाच विषयात, एकाच शिक्षकाकडे. हॅरोच्या बाबतीत पाटीवरच्या चित्राकडून फ्रेमच्या चित्राकडे जाणारी जी वाट आपोआप तयार झाली, ती इथे आधीच आखून ठेवली होती. शांतिनिकेतनात शिकलेले चित्रकार आणि कुंभकार देवी प्रसाद १९४४ ते १९६२ या काळात सेवाग्रामला मुलांना कला शिकवत होते. मातीचे भांडे आणि कागदावरचे चित्र त्यांनी वेगळे मानले नाही. आपल्या बहुतेक शाळांत मात्र पुढे चित्रकलेचा तास एकीकडे गेला, कार्यानुभव दुसरीकडे आणि भूमितीची पेटी तिसरीकडे. कातणाऱ्या मुलाने आपल्या टकळीचे चित्र मापे टाकून काढावे, हे राहूनच गेले. नई तालीम मागे पडण्याची कारणे पुष्कळ सांगतात, मला या कारणाची रुखरुख जास्त वाटते.

बीएमएक्सचेही पुढे व्हायचे ते झाले. पाट्या रंगवणाऱ्या तरुणाचे नाव मोठ्या कंपनीचे नाव झाले. २००८ साली बीजिंगला बीएमएक्स शर्यत ऑलिम्पिकमध्ये आली आणि २०२१ साली भरलेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये फ्रीस्टाइलही आली. सायकल दुकानातून तयार मिळते. तरी उड्या मारायचे मातीचे उंचवटे अजून कित्येक ठिकाणी स्वारच फावडे घेऊन घडवतात, आणि त्याआधी ते कागदावर काढतात. वर्ध्यातही काम थांबलेले नाही. मगनवाडीतच असलेल्या महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्थेने सौरऊर्जेवर चालणाऱ्या चरख्यावर काम केले आहे.

मगन संग्रहालयात सहल न्याल तेव्हा मुलांजवळ वही, पेन्सिल आणि शिवणकामाची टेप द्या. परवानगी घेऊन एकेका गटाने एकेक चरखा निवडायचा. चाकाचा व्यास, कप्पीचा व्यास मोजायचा, दोरी कुठून कुठे जाते ते बाणांनी दाखवायचे आणि चाकाच्या एका फेऱ्याला चाती किती फिरेल ते चित्राखाली लिहायचे. येरवडा चक्र ज्या गटाला मिळेल त्याला थोडा जास्त वेळ लागेल. शाळेत परत आल्यावर आठवून काढलेली सायकलीची जुनी चित्रे त्यांना परत द्या. या वेळी सायकल समोर उभी करून ती दुरुस्त करू द्या, आणि शेजारी मोकळी जागा ठेवायला सांगा. तिथे आपल्या सायकलीत काय बदलले तर बरे होईल ते काढायचे. एका मुलीने मला अशा जागेत कॅरिअर पुढे बसवलेली सायकल काढून दाखवली होती. मागे धाकटा भाऊ बसतो, मग दप्तर कुठे ठेवू, असे तिने खाली लिहिले होते. वजन हँडलवर आले तर ते वळवायला जड जाईल, हे तिला मी सांगायच्या आधीच वर्गातल्या दुसऱ्या एका मुलाने सांगितले, आणि कॅरिअर हँडलला न बांधता फ्रेमला कसे जोडायचे यावर दोघांचे भांडण सुरू झाले.